अमेरिकेतल्या घरात पिस्तूल ठेवावं का? ठरवण्याआधीची तुलना

पहिली गोष्ट व्हिसाची. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या व्हिसावर असाल, तर बंदूक किंवा नुसतं काडतूस जवळ बाळगणं हाही अमेरिकेच्या संघीय कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, आणि दोषी ठरलात तर देशाबाहेर काढले जाण्याची वेळ येते. आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालंय, ग्रीन कार्डाची रांग पुढे सरकतेय, याने काही फरक पडत नाही. शिकारीचा वैध परवाना असणाऱ्यांना अपवाद आहे, पण इमिग्रेशन वकिलाचा लेखी सल्ला हातात नसताना त्या वाटेला जाऊ नये. म्हणजे हा निर्णय खरोखर समोर असतो तो ग्रीन कार्डधारकांच्या आणि नागरिकांच्या.

त्यांच्यासाठी घरात पिस्तूल ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या हेलर निकालात मान्य केला आहे. दुकानातून पिस्तूल घ्यायला वय २१ लागतं, ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, पार्श्वभूमीची तपासणी होते. बाकी सगळं राज्यावर. न्यू जर्सीत ओळखपत्र, बोटांचे ठसे आणि प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळं परमिट. कॅलिफोर्नियात सेफ्टी सर्टिफिकेटची परीक्षा आणि दहा दिवसांची प्रतीक्षा. टेक्सासमध्ये यातलं जवळपास काहीच नाही.

धोका बाहेरचा आणि घरातला

भीती पोकळ नाही. भारतीय घरांत सोनं असतं हे चोरांना पक्कं ठाऊक आहे. २०११ ते २०१४ या काळात जॉर्जिया, मिशिगन, टेक्सास अशा अनेक राज्यांत आशियाई, त्यातही भारतीय वंशाची कुटुंबं हेरून सशस्त्र टोळी घरात घुसत होती. त्या टोळीच्या सूत्रधाराला पुढे ३७ वर्षांची शिक्षा झाली. दारात चार हत्यारबंद माणसं उभी असताना पोलीस पोचायला लागणारी मिनिटं फार लांब असतात, हा बंदूक ठेवणाऱ्यांचा मुद्दा रास्त आहे. शेरीफ (तिथला पोलीसप्रमुख) अर्ध्या तासावर असलेल्या गावाबाहेरच्या घरात तो आणखी रास्त आहे.

पण नेहमीची घरफोडी अशी नसते. न्याय विभागाच्या २००३ ते २००७ च्या आकडेवारीत वर्षाला सरासरी ३७ लाख घरफोड्या होत्या. त्यांपैकी २८ टक्क्यांत घरात कुणीतरी होतं आणि ७ टक्क्यांत घरच्या माणसावर हिंसा झाली. म्हणजे बहुतेक वेळा चोर येतो तेव्हा पिस्तूलही रिकाम्या घरातच असतं, आणि सोन्याबरोबर तेही जातं.

स्वसंरक्षणासाठी बंदूक किती वेळा वापरली जाते याचे आकडे कुणाला विचारता त्यावर ठरतात. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फोन-सर्वेक्षणावरून वर्षाला २५ लाख हा आकडा निघाला आणि तोच सगळीकडे सांगितला जातो. सरकारच्या गुन्हेपीडित सर्वेक्षणात मात्र तो एक लाखाच्या आसपास किंवा त्याहून कमी येतो. दुसरी पद्धत जास्त भरवशाची, कारण ती आधी गुन्हा घडला का ते विचारते आणि मगच बचाव कसा केला ते.

आता घरातला धोका. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यांत अपघाती मृत्यू ५४९. एवढाच आकडा पाहिला तर धोका किरकोळ वाटतो, आणि इथेच हिशेब चुकतो. त्याच वर्षी २६,३२८ आत्महत्या होत्या. मेम्फिस, सिअ‍ॅटल आणि गॅल्व्हस्टन इथल्या घरांमधल्या गोळीबारांचा १९९८ चा अभ्यास सांगतो की स्वसंरक्षणात किंवा कायद्याला मान्य अशा कारणासाठी घरची बंदूक एकदा चालली, तर अपघाताने चारदा, हल्ल्यात किंवा खुनात सातदा आणि आत्महत्येत किंवा तिच्या प्रयत्नात अकरा वेळा चालली. नुसती बंदूक दाखवून चोर पळाला, असे प्रसंग यात मोजलेले नाहीत, ही या अभ्यासाची खरी मर्यादा. ती धरूनही पारडं कुठे झुकतं ते दिसतं. कॅलिफोर्नियातल्या २०२२ च्या अभ्यासात पिस्तूलधारकाबरोबर राहणाऱ्या, पण स्वतः बंदूक नसलेल्या माणसांचा जोडीदाराच्या गोळीने मृत्यू होण्याचा दर बंदूक नसलेल्या घरांतल्या माणसांच्या सातपट निघाला. मेलेल्यांत बहुतांश बायका होत्या.

ठेवायचं कसं, यावरच सगळं अवलंबून

बंदूक हवी की नको, या वादात ती कुठे आणि कशी ठेवणार हा प्रश्न मागे पडतो. रात्री पटकन हाती लागणारं पिस्तूल मुलाच्याही पटकन हाती लागतं.

उशाच्या ड्रॉवरमध्ये भरलेलं: हाती यायला दोन सेकंद. घरात मूल असेल तर याचा विचारही नको. २००१ च्या एका अभ्यासात आठ ते बारा वर्षांच्या मुलांचे २९ छोटे गट अशा खोलीत सोडले, जिथे ड्रॉवरमध्ये निकामी केलेलं खरं पिस्तूल लपवलेलं होतं. २१ गटांना ते सापडलं, १६ गटांनी हाताळलं, १० गटांत कुणीतरी चाप ओढला. हाताळणाऱ्यांपैकी बहुतेकांना बंदुकीच्या सुरक्षेचं काही ना काही शिक्षण आधीच मिळालेलं होतं. ‘आमचा मुलगा शहाणा आहे, त्याला समजावलंय’ यावर विसंबू नये, ते एवढ्यासाठीच.

पलंगाजवळच्या क्विक-अ‍ॅक्सेस सेफमध्ये भरलेलं: चार बटणांचा कोड किंवा बोटाचा ठसा, सराव असेल तर पाचेक सेकंद. घररक्षणासाठीच ठेवायचं असेल तर पटण्याजोगी हीच एक तडजोड. सेफ पलंगाच्या लोखंडी फ्रेमला स्टीलच्या केबलने बांधा किंवा बोल्टने जमिनीत पक्का करा, नाहीतर चोर तो तसाच उचलून नेतो. बॅटरी ठरलेल्या दिवशी बदला. जादा किल्ली घराबाहेर किंवा दुसऱ्या कुलपात ठेवा. किल्ली मोज्यांच्या कप्प्यात असेल तर सेफ असून नसल्यासारखाच. कोड मुलांच्या वाढदिवसाचा नको.

पिस्तूल रिकामं, कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात: २००५ मधल्या एका मोठ्या अभ्यासानुसार बंदूक कुलपात, रिकामी, गोळ्या कुलपात आणि वेगळ्या, या चारही सवयींनी मुलांचे अपघात आणि आत्महत्येचे प्रकार कमी होतात. पण झोपेतून उठून, अंधारात, थरथरत्या हातांनी दोन कुलपं उघडून मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची डबी) भरायला मिनिटभर तरी जातं. म्हणजे ही पद्धत नेमबाजीच्या छंदाला योग्य. घररक्षणाचा दावा तिथे बराचसा संपतो.

दुकानदाराने पिस्तुलाबरोबर कुलूप द्यायचं हे कायद्यानेच ठरलंय. बहुतेक वेळा ते केबल लॉक असतं. केबल गोळी बाहेर पडण्याच्या खिडकीतून आत घालून मॅगझिनच्या पोकळीतून बाहेर काढायची असते, म्हणजे स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) बंदच होत नाही. चापावर बसणारं कुलूप भरलेल्या पिस्तुलाला कधीही लावू नये. लावतानाच चाप दाबला जाऊ शकतो.

अपघात नेमका होतो कसा

मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं, हा समज सगळ्यात घातक. एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, राहिलेली असू शकते, आणि बऱ्याच पिस्तुलांत मॅगझिन नसतानाही ती सुटते. क्रम असा: नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे ओढून अडकवायची, चेंबरमध्ये डोळ्याने पाहायचं आणि करंगळीने चाचपायचं. उलट केलं, म्हणजे आधी स्लाइड ओढून मग मॅगझिन काढलं, तर ओढताना एक गोळी बाहेर पडते आणि मॅगझिनमधली दुसरी तिच्या जागी जाऊन बसते. बाहेर पडलेली गोळी पाहून माणूस निर्धास्त होतो. ग्लॉकसारखी पिस्तुलं साफ करायला उघडताना आधी चाप ओढावा लागतो; वरची चूक झालेली असेल तर गोळी इथेच सुटते. म्हणून साफसफाईच्या वेळी गोळ्या दुसऱ्या खोलीत हव्यात.

दुसरा अपघात भिंतींचा. अमेरिकन घरातली आतली भिंत म्हणजे अर्ध्या इंचाच्या ड्रायवॉलच्या (जिप्समच्या) दोन पाट्या आणि मधे पोकळी. चुकलेली ९ मिमी गोळी अशा एकाहून जास्त भिंती सहज पार करते. मास्टर बेडरूममधून जिन्याकडे नेम धरला तर रेषेत मुलांची खोली येते का, हे दिवसा उभं राहून तपासावं. अपार्टमेंटमध्ये त्याच रेषेत शेजारी असतो. तिसरा, ओळख न पटता झाडलेली गोळी: उशिरा गुपचूप परतलेला कॉलेजातला मुलगा. हातात वेगळा टॉर्च नसेल तर पिस्तूल उचलू नये.

आपल्या घरांची आणखी एक खासियत म्हणजे सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. ते बी-२ व्हिसावर असतात, म्हणजे त्यांनाही बंदूक बाळगायची मनाई. सेफचा कोड त्यांना सांगणं हेही कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतं. एच-४ वरच्या जोडीदाराचंही तसंच. शिवाय आई कपाटं आवरते, ट्रंका हलवते. ‘वरच्या फळीवर, मागे’ ही जागा तिच्यापासून लपलेली राहत नाही. नेमबाजीच्या रेंजवर नेलेली बॅग भारतात जाताना वापरू नका. तळाशी राहिलेलं एक काडतूस भारतीय विमानतळावर सापडलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

त्याच पैशांत दुसरं काय

पिस्तूल, चांगला सेफ, प्रशिक्षण आणि सरावाच्या गोळ्या मिळून हजार डॉलर सहज जातात. दाराच्या कुलपाचा दांडा (डेडबोल्ट) चौकटीत ज्या पट्टीत शिरतो त्या स्ट्राइक प्लेटचे मूळ स्क्रू इंचभराचे असतात आणि चौकटीच्या पातळ लाकडातच अडकलेले असतात, म्हणून एका लाथेत दार फाटतं. तीन इंची स्क्रू भिंतीतल्या स्टडपर्यंत, म्हणजे आतल्या उभ्या जाड लाकडापर्यंत, जातात. खर्च दहा डॉलरच्या आत, वेळ अर्धा तास. मागच्या सरकत्या काचेच्या दाराला आडवा दांडा आणि काचेला फिल्म, अंगणात मोशन लाइट, अलार्म. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये, आणि विम्यात दागिन्यांचा वेगळा रायडर (जादा संरक्षण), कारण साध्या पॉलिसीत दागिन्यांच्या चोरीची मर्यादा बरेचदा १५०० डॉलरच असते.

लहान किंवा किशोरवयीन मुलं, डिप्रेशनचा इतिहास, घरात दारू किंवा मारहाण यांपैकी काहीही असेल तर आमचं उत्तर ठाम ‘नको’ आहे. घरात फक्त प्रौढ माणसं, पोलीस लांब किंवा कुणी नेमकी धमकी दिलेली, आणि दर महिन्याला रेंजवर जायची तयारी असेल, तर क्विक-अ‍ॅक्सेस सेफमधलं पिस्तूल समजण्यासारखं आहे. मधल्या घरांनी आधी दार पक्कं करावं.

पिस्तूल घेतलंच, तर ते घराबाहेर कुठे पाठवता येईल ते त्याच आठवड्यात ठरवून ठेवा. नोकरी गेली, घटस्फोट आला, मुलगी खोलीतून बाहेर येईनाशी झाली, अशा काळात ते घरात नको. बंदुकीने केलेल्या आत्महत्येच्या दहा प्रयत्नांपैकी जवळपास नऊ जिवावर बेततात, औषधं घेऊन केलेल्या प्रयत्नांत बहुतेक माणसं वाचतात. काही दुकानं आणि रेंज पिस्तूल तात्पुरतं ठेवून घेतात, काही ठिकाणी पोलीसही. मित्राकडे द्यायचं असेल तर आधी राज्याचा नियम पाहा, कारण अनेक राज्यांत तेवढ्यासाठीही पार्श्वभूमी तपासणी लागते, आणि मित्र एच-१बीवर असेल तर प्रश्नच मिटला.