ह्यूस्टनच्या एलजीबीटीक्यू डान्सहॉलमध्ये टू-स्टेप: काही महिन्यांनंतरचा अनुभव

निऑन बूट्स या ह्यूस्टनच्या डान्सहॉलला आम्ही दोघी, म्हणजे मी आणि माझी बायको, गेले काही महिने नियमित जातोय. मंडळातल्या दोघीतिघींनी विचारलं तिथे नेमकं असतं काय, म्हणून लिहितेय. तिथे वाजतं ते कंट्री म्युझिक (अमेरिकेतलं गावाकडचं, गिटारवालं संगीत) आवडत नसेल तरी जा, मला तर अजून निम्मी गाणी सारखीच वाटतात, पायाला काही फरक पडत नाही.

जागेला इतिहास आहे बरं का. १९५५ चा एस्क्वायर बॉलरूम हा, प्रसिद्ध कंट्री गायक विली नेल्सन उमेदवारीच्या काळात इथे वाजवायचा, आणि २०१३ पासून तिथे निऑन बूट्स.

टू-स्टेप हा जोडीने करायचा नाच, पावलं क्विक-क्विक-स्लो-स्लो, आणि सगळे गरब्यासारखे घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात, बाहेरून फास्टवाले, नवशिके आतल्या बाजूला. लाइन डान्स, म्हणजे रांगेत उभं राहून सगळ्यांनी एकच स्टेप्स करायच्या, तो एकटीने पण जमतो, पार्टनर लागत नाही. खरी मजा पुढे आहे. बाकी कंट्री बारमध्ये पुरुषाने लीड करायचं, बाईने फॉलो, विषय संपला. इथे आधी विचारतात लीड की फॉलो, आणि काही जोड्या तर एकाच गाण्यात अदलाबदल करतात. फॉलोला बहुतेक वेळ उलटं चालावं लागतं, मागचं काही दिसत नाही, पाठीवरचा हात जरा दाबला की वळायचं एवढंच कळतं. आमची बायको लीडला भारी आहे पण गर्दीत घुसवते, तेव्हा मी डोळे मिटून घेते.

बुटांचं मात्र बघून घ्या. मी ऑनलाइन 'डान्स बूट' म्हणून मागवले ते रबरी सोलचे निघाले, फ्लोअरला चिकटतात आणि वळताना गुडघा पिळतो, रिटर्न करताना विक्रेत्याने नाकीनऊ आणले. लेदर सोलच घ्या.

आता तिथल्या फंडरेझरबद्दल, म्हणजे मदतीसाठी पैसे जमवायच्या कार्यक्रमांबद्दल. या कंट्रीवाल्या मंडळींचं ते जुनं आहे, १९७६ मध्ये नेवाडातल्या रीनोला फिल रॅग्सडेलने पहिला गे रोडिओ (रोडिओ म्हणजे काउबॉय लोकांच्या गुराघोड्यांवरच्या कसरतींची स्पर्धा) भरवला तोच मदतीसाठी पैसे उभे करायला. १९८५ ला इंटरनॅशनल गे रोडिओ असोसिएशन झाली, त्यांच्या रोडिओत बोकडाला चड्डी घालायची शर्यत असते, खोटं नाही सांगत. एड्सच्या काळात घरच्यांनी हात वर केले तेव्हा औषधपाण्याचा पैसा अशाच बारमधून जमायचा. आजही ड्रॅग शो (बहुतेक वेळा पुरुष बायकांच्या झगमगीत वेषात नाचतात-गातात), रॅफल म्हणजे तिकिटांची सोडत असं काहीतरी असतंच, तेव्हा एक-एक डॉलरच्या सुट्ट्या नोटा घेऊन जा, स्टेजवरच्या कलाकारांच्या हातात द्यायच्या असतात, वीसची नोट काढून सुट्टे मागत बसू नका.

फक्त पैसे कुणाला जाणारेत हे आधी विचारा. शहरातल्या दुसऱ्या एका बारमध्ये मी विचारलं तर 'कम्युनिटीला' एवढंच उत्तर मिळालं, मी पाकीट परत पर्समध्ये टाकलं. संस्थेचं नाव डब्यावर लिहिलेलं असलं की द्यायला बरं वाटतं.

जूनमध्ये आईबाबा येतायत, बाबा लाइन डान्सला आत्ताच तयार आहेत, आईचं हो-नाही चाललंय.