‘बनगरवाडी’ : पुन्हा पुन्हा वाचल्यानंतर

‘काहीच घडत नाही’ म्हणत ‘बनगरवाडी’ तीस पानांवरून परत करणारे वाचक भेटले की चीड येते. व्यंकटेश माडगूळकरांची ही 1955 सालची कादंबरी. औंध संस्थानातला तरुण मास्तर आणि माणदेशातली धनगरांची वाडी, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून कथानक सांगत बसत नाही. ही माणसांसाठी वाचायची कादंबरी आहे आणि वाचायची रीत चुकली की ती हातातून निसटते.

लेखक कुणाचीच रीतसर ओळख करून देत नाही. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी, दादू बालट्या, शेकू, रामा बनगर एकेक करून येतात आणि कामाला लागतात. पणजी-मडगाव बसमध्ये तुकड्या-तुकड्यांनी वाचलीत तर नावांचा गुंता होणारच. खुणेच्या चिठ्ठीवर ही नावं लिहा आणि प्रत्येकापुढे त्याने मास्तराकडे काय मागितलं तेवढंच टिपा. मागण्यांतूनच माणसं उलगडत जातात.

यातली एक मागणी चोळीची. कारभाऱ्याची पोर अंजी मास्तराला चोळी शिवून आणायला सांगते. मास्तराच्या मनात काही नसतं, पण म्हाताऱ्याच्या मनात संशय शिरतो. तो भांडत नाही, बोलणंच टाकतो. ज्याच्या शब्दावर वाडी हलते त्याने तोंड फिरवलं की परगावच्या पोराचं काय होतं, हे या भागात अंगावर येतं. मराठीत अबोला इतक्या नेमकेपणाने लिहिलेला मला दुसरीकडे सापडलेला नाही. हा भाग मोठ्याने वाचा, घाई न करता. वाचन कट्ट्यावर एकच उतारा घ्यायचा असेल तर हाच घ्या.

शेवट मात्र पहिल्या वाचनात घाईचा वाटतो. दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, वाडी उठते. दुसऱ्या वाचनात माझं मत पालटलं. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस बघणाऱ्या गोव्यात बसून दुष्काळाची चाहूल लागतच नाही. बैल एकच, म्हणून शेकूची बायको जुवाला खांदा लावते. आपण ते गरिबीचं चित्र समजून पुढे जातो. माणदेशात जमिनीतली ओल थांबत नाही, पेरणी हुकली की वर्ष गेलं. ती बाई त्या ओलीशी शर्यत लावते आहे, हे कळलं की शेवटाची तयारी कुठून चालू होती ते दिसतं.

एक तक्रार कायम आहे. अंजी आपल्याला मास्तराच्या नजरेतूनच दिसते. एवढा अबोला तिच्यापायी घडला, मग तिच्या घरात त्या दिवसांत काय चाललं होतं? दर वाचनात ही जागा रिकामीच लागते.

पुस्तक लहान आहे, दोन-तीन बैठकांत होतं. आधी पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात किंवा गावच्या वाचनालयात बघा, आवडलं की स्वतःची प्रत घ्या, कारण ही परत परत लागते. पावसाळ्यात ती भिंतीला टेकवून ठेवू नका, बुरशी धरते. अमोल पालेकरांचा 1995 चा चित्रपट नंतरच बघा. आधी पाहिलात तर कारभाऱ्याचा चेहरा तुमचा तुम्हाला घडवता येणार नाही.