खुब्याचं फ्रॅक्चर आणि थीसिस: कुठली प्रश्नावली घ्यावी?

एक्सरेत हाड जुळलेलं दिसतं, स्क्रू जागेवर दिसतो. आजी रात्री संडासला एकट्या जातात का, ते दिसत नाही. ते मोजायचं म्हणून थीसिसला ‘जगण्याची गुणवत्ता’ हा विषय घेणारी पोरं दर वर्षी भेटतात आणि बहुतेकांचा हात आधी हॅरिस हिप स्कोअरकडे जातो.

हॅरिस १९६९चा. १०० पैकी ४४ गुण वेदनेला, ४७ कामकाजाला, उरलेले हालचाल आणि व्यंगाला. भरतो डॉक्टर. सांधा कसा आहे हे कळायला उत्तम, पण पुन्हा पडायची धास्ती, उदासी यांना त्यात जागाच नाही. त्याला जगण्याची गुणवत्ता म्हणू नका.

ऑक्सफर्ड हिप स्कोअर (१९९६) रुग्ण स्वतः भरतो: बारा प्रश्न, ० ते ४८ गुण. पण तो बेतलाय सांधा बदलून घेणाऱ्या रुग्णांसाठी. त्यात मोजे घालता येतात का असा एक प्रश्न आहे. नऊवारीतल्या एका आजींना तो विचारला, तर त्या नुसत्या सुनेकडे बघत राहिल्या.

एसएफ-३६, म्हणजे एकूण तब्येतीची ३६ प्रश्नांची प्रश्नावली, मनापर्यंत पोचतो, पण मूळ प्रश्नावलीत गोल्फ आणि व्हॅक्यूम क्लीनर आहे, आणि विसाव्या प्रश्नाला ऐंशीचे आजोबा पेंगायला लागतात.

माझं मत ईक्यू-५डी-५एल या छोट्या प्रश्नावलीला. चालणं, स्वतःची कामं, रोजचे व्यवहार, वेदना, चिंता-उदासी असे पाच प्रश्न, प्रत्येकाला पाच पातळ्या, शेवटी ० ते १०० ची उभी पट्टी. मराठी आवृत्ती ती बनवणाऱ्या युरोक्वॉल या संस्थेकडे नोंदणी करून मिळते. पाच उत्तरांचा मिळून एकच गुण काढायला भारतातल्या लोकांच्या पसंतीवर बेतलेले आकडेही आता आहेत. या गुणात मरण म्हणजे शून्य, आणि सगळ्यात वाईट अवस्था त्याच्याही खाली जाते, म्हणजे मरणापेक्षा वाईट. पोरं इथे दचकतात, पण खरा फायदा इथेच आहे. या फ्रॅक्चरनंतर वर्षभरात बरेच रुग्ण दगावतात. ईक्यूत मृत्यूला शून्य धरून ते हिशेबात राहतात. हॅरिसमध्ये ते नुसते गळतात आणि उरलेल्यांची सरासरी छान दिसते.

उणिवा आहेतच. मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं यात नाही. ती पट्टीही अनेकांना उमगत नाही. मी एकदा न राहवून विचारलं, “आजी, रुपयात किती आणे बरं वाटतंय?” म्हणाल्या, “बारा आणे.” उत्तर झकास, पण फॉर्मवर धरता येत नाही, कारण शब्द बदलायची परवानगी नसते.

उत्तर कोण देणार हे पहिल्याच दिवशी ठरवा. आजी ‘थोडा त्रास’ म्हणतात, तिथे सून ‘बराच’ म्हणते. स्मृतिभ्रंश असेल तर नातेवाइकांसाठीची वेगळी आवृत्ती घ्या आणि मध्येच बदलू नका. पडण्याआधीची स्थितीही भरतीच्या दिवसांतच विचारून ठेवा. तिच्याशिवाय चार महिन्यांनंतरच्या आकड्याला अर्थ नाही.

जोडीला न्यू मोबिलिटी स्कोअर घ्या: घरात, घराबाहेर, बाजारहाटाला कसं चालता, तीन प्रश्न, ० ते ९. दोन्ही फोनवर होतात. हॅरिसला रुग्ण समोर लागतो, आणि गावाहून फॉलोअपला येतात ते बहुधा बरे झालेलेच. म्हणून भरती करतानाच सुनेचा आणि शेजाऱ्याचा, दोघांचेही नंबर घेऊन ठेवा.