दहावीनंतरची दोन वर्षे: इंटिग्रेटेड महाविद्यालय की नियमित महाविद्यालय आणि वेगळा क्लास?

दहावीच्या निकालानंतर विज्ञान शाखेकडे वळणाऱ्या मुंबईतील बहुतेक घरांत एका प्रश्नावर चर्चा सुरू होते. खासगी क्लासशी टाय-अप असलेल्या महाविद्यालयात प्रवेश घेऊन अकरावी-बारावी आणि प्रवेश परीक्षेची तयारी एकाच छताखाली करावी (यालाच ‘इंटिग्रेटेड’ म्हणतात), की रुईया, रुपारेल, साठ्ये यांसारख्या महाविद्यालयात नियमित प्रवेश घेऊन क्लास वेगळा लावावा? मी उपनगरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि दोन्ही मार्गांनी आलेली मुले बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत पाहतो. माझे मत आरंभीच सांगतो. जेईई ॲडव्हान्स्ड (आयआयटीची प्रवेश परीक्षा) किंवा नीट (वैद्यकीय प्रवेश परीक्षा) हे ध्येय ज्याने दहावीतच स्वतःहून ठरवले आहे आणि ज्याला अवघड गणित सोडवत बसणे मनापासून आवडते, त्याला इंटिग्रेटेडचा उपयोग होतो. इतर बहुसंख्य मुलांसाठी घराजवळचे नियमित महाविद्यालय आणि मर्यादित तासांचा क्लास हा अधिक चांगला पर्याय आहे.

आधी परीक्षा ठरवावी, मग महाविद्यालय

पालक बहुधा महाविद्यालयाच्या नावापासून विचार सुरू करतात. वास्तविक सुरुवात परीक्षेपासून व्हायला हवी, कारण तिन्ही मोठ्या परीक्षांची मागणी वेगवेगळी आहे. अभियांत्रिकीच्या जेईई मेनमध्ये तीन तासांत ७५ प्रश्न असतात, अकरावी आणि बारावी या दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम सारख्याच गांभीर्याने विचारला जातो आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात. त्यातून निवडलेल्या सुमारे अडीच लाख विद्यार्थ्यांनाच जेईई ॲडव्हान्स्ड देता येते आणि पवईच्या आयआयटीतील अभियांत्रिकीचा दरवाजा त्या दुसऱ्या परीक्षेतूनच उघडतो. नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे असतात. तेथे पाठांतराची अचूकता आणि वेग यांची कसोटी लागते आणि जीवशास्त्राचा वाटा निम्मा असतो.

एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे स्वरूप या दोन्हींहून निराळे आहे. ती राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर आधारलेली असते, सुमारे ८० टक्के भार बारावीवर आणि २० टक्के अकरावीवर असतो, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण असतात. माटुंग्याचे व्हीजेटीआय किंवा अंधेरीचे एसपीआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय ज्या मुलाचे खरे लक्ष्य आहे, त्याला प्रामुख्याने याच परीक्षेत वरचा पर्सेंटाइल मिळवायचा असतो. त्यासाठी बारावीचे पाठ्यपुस्तक बारकाईने वाचलेले असणे आणि वेळ लावून भरपूर सराव केलेला असणे ही तयारी पुरेशी ठरते. त्याने दोन वर्षे जेईई ॲडव्हान्स्डच्या पातळीची गणिते सोडवण्यात घालवणे आवश्यक नाही. इंटिग्रेटेडमध्ये मात्र एकदा बॅच ठरली की त्या बॅचच्या परीक्षेचाच अभ्यास होतो आणि सीईटीला अनेकदा शेवटचे काही आठवडेच उरतात.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या पालकांनी भाषेचाही विचार करावा. जेईई मेन आणि नीट मराठीतून देता येतात. सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मराठीतून देण्याची सोय आहे, पण गणिताचा भाग इंग्रजीतच असतो, आणि जेईई ॲडव्हान्स्ड केवळ इंग्रजी व हिंदीतून होते. मुंबईत अकरावी विज्ञानाचे अध्यापन जवळजवळ सर्वत्र इंग्रजीतून चालत असल्यामुळे या मुलांना पहिले तीन-चार महिने पारिभाषिक शब्दांशी झगडावे लागते. नियमित महाविद्यालयाच्या संथ गतीत ते निभावते. इंटिग्रेटेडमध्ये जूनपासूनच साप्ताहिक चाचण्या आणि त्यांचे क्रमांक सुरू होतात, त्यामुळे हुशार मूलही या काळात खालच्या बॅचमध्ये जाते आणि ‘आपल्याला जमत नाही’ अशी समजूत करून घेते. ही समजूत पुढे पुसून काढणे फार कठीण असते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

वेळेचा हिशेब

इंटिग्रेटेडच्या बाजूने सर्वांत भक्कम युक्तिवाद वेळेचा आहे आणि तो खरा आहे. डोंबिवलीहून दादरला महाविद्यालयासाठी येणारा, तेथून ठाण्याला क्लास करणारा आणि रात्री साडेनऊला घरी पोहोचणारा विद्यार्थी दिवसाचे तीन-चार तास लोकलच्या गर्दीत घालवतो, आणि ते वाचन-लेखनाचे तास नसतात. इंटिग्रेटेडमध्ये ही धावपळ वाचते, एकच वेळापत्रक असते, एकाच विषयाचे दोन शिक्षक वेगवेगळ्या क्रमाने शिकवत नाहीत आणि शंका विचारायला शिक्षक दिवसभर हाताशी असतात.

परंतु वाचलेला वेळ विद्यार्थ्याच्या हाती येतो का, हे पाहिले पाहिजे. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत व्याख्याने, त्यानंतर सरावपत्रिका आणि रविवारी चाचणी असे वेळापत्रक असेल, तर शिकवलेले स्वतः वाचून, अडून, पुन्हा सोडवून पचवायला वेळच उरत नाही. स्पर्धा परीक्षेतील गुण व्याख्यानाच्या तासांतून येत नाहीत, ते या एकट्याने बसण्याच्या तासांतून येतात. म्हणून चौकशीला गेल्यावर ‘रोज किती तास शिकवता’ यापेक्षा ‘मुलाला स्वतःच्या अभ्यासासाठी रोज किती तास उरतात’ हा प्रश्न विचारावा.

नियमित महाविद्यालय घेतले तर ते घरापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या आत असावे आणि क्लास त्याच वाटेवर असावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मुलुंडच्या मुलाने केवळ नावासाठी दक्षिण मुंबई गाठण्यात मला शहाणपण दिसत नाही. कटऑफच्या यादीतील दोन टक्क्यांच्या फरकापेक्षा रोजचे दोन तास अधिक मोलाचे आहेत.

प्रयोगशाळा आणि बारावीचे गुण

बारावीच्या भौतिकशास्त्रात ७० गुण लेखी आणि ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, आणि रसायनशास्त्र व जीवशास्त्रातही हेच प्रमाण असते. इंटिग्रेटेडच्या अनेक ठिकाणी प्रात्यक्षिके जानेवारीत एकत्रित उरकली जातात आणि जर्नल एकमेकांचे पाहून लिहिले जाते. एका परीक्षेत बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर काढायला बसलेला मुलगा मला आठवतो. भिंगाचे सूत्र त्याला तोंडपाठ होते, त्यावरचे कठीण गणितही त्याने तोंडी सोडवून दाखवले, पण दोन टाचण्यांमधील पराशय (डोळा हलवला की त्या एकमेकींपासून सरकल्यासारख्या दिसणे) कसा घालवायचा हे त्याला ठाऊक नव्हते. डोळा डावी-उजवीकडे हलवून पाहायचा असतो, हे त्याला कोणी प्रत्यक्ष दाखवलेच नव्हते. तो मुलगा अत्यंत बुद्धिमान होता आणि त्याच्या वाट्याला जे आले नाही त्याचे मला आजही वाईट वाटते, कारण पुढे अभियंता किंवा संशोधक होणाऱ्याला मोजमाप हाताने करता येणे ही पहिली गरज आहे.

याला व्यावहारिक बाजूही आहे. आयआयटी आणि एनआयटीच्या प्रवेशासाठी खुल्या गटात बारावीला ७५ टक्के गुण किंवा आपल्या मंडळातील वरच्या २० पर्सेंटाइलमधील स्थान आवश्यक असते. त्यामुळे मंडळाच्या परीक्षेकडे पूर्ण पाठ फिरवणे कोणालाच परवडत नाही. शिवाय हजेरीचा प्रश्न आहेच. कागदोपत्री हजेरीला आळा घालण्यासाठी राज्य शासनाने २०१८ साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. ज्या महाविद्यालयात मूल प्रत्यक्षात कधीच जाणार नाही, अशा ठिकाणी नाव घालण्याचा धोका पालकांनी पत्करू नये.

पैसा आणि करार

अनुदानित तुकडीची वार्षिक फी काही हजारांत आटोपते, तर इंटिग्रेटेडचा दोन वर्षांचा खर्च काही लाखांच्या घरात जातो. नियमित महाविद्यालयासोबत नामांकित क्लास लावला तर दोहोंतील अंतर बरेच कमी होते, हेही मान्य करायला हवे. खरा फरक माघार घेण्याच्या सोयीत आहे. वेगळा क्लास सहा महिन्यांनी सोडता येतो आणि महाविद्यालयातील प्रवेश अबाधित राहतो. इंटिग्रेटेडमध्ये क्लास सोडायचा म्हटले की महाविद्यालयच बदलण्याची वेळ येते, आणि ते अकरावीच्या मध्यावर सोपे नसते. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये क्लासेससाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार अभ्यासक्रम मध्येच सोडणाऱ्याला उर्वरित काळाची फी प्रमाणानुसार दहा दिवसांत परत मिळायला हवी. पण अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली असल्यामुळे, परताव्याची अट लेखी घेतल्याशिवाय संपूर्ण रक्कम एकरकमी भरू नये.

याच ओघात मुलांना क्लाससाठी राजस्थानातील कोटा शहरात पाठवण्याचा विचार करणाऱ्यांसाठी एक इशारा देणे आवश्यक वाटते. महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्याच्या राखीव वाट्यातून (राज्य कोटा) भरल्या जातात आणि त्यासाठी, काही अपवाद वगळता, दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण होण्याची अट आहे. परळच्या केईएम किंवा भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयाशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालयाचे स्वप्न पाहणाऱ्या मुलीला बारावीसाठी राजस्थानात पाठवले, तर ती याच राखीव वाट्याबाहेर जाऊ शकते.

ज्यांचे अजून ठरलेले नाही

पंधराव्या वर्षी दिशा पक्की नसणे हे पूर्णपणे स्वाभाविक आहे आणि अशा मुलांसाठी नियमित महाविद्यालयाकडे माझा कल ठाम आहे. विज्ञानाची मनापासून ओढ असलेल्या मुलाला अभियांत्रिकी-वैद्यकीयपलीकडचे मार्गही दिसले पाहिजेत. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेसाठी स्वतंत्र अभिक्षमता चाचणी असते. कलिना येथील मुंबई विद्यापीठाच्या आवारातील मूलभूत विज्ञान केंद्रात नेस्ट परीक्षेतून बारावीनंतर पाच वर्षांच्या एकात्मिक एम.एस्सी.साठी प्रवेश मिळतो, आणि आपल्या शहरात असूनही या केंद्राची माहिती फार थोड्या पालकांना असते. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ऑलिंपियाडची शिबिरे घेते. दिल्ली विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली आहे, आणि तिचा उपयोग कला-वाणिज्याकडे वळणाऱ्यांनाही होतो. ज्याला हाताने यंत्रे जुळवायला आवडते त्याने वांद्र्याच्या शासकीय तंत्रनिकेतनातील पदविकेचाही विचार करावा, कारण तीन वर्षांनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो आणि त्यासाठी सीईटी द्यावी लागत नाही.

आता पसंतीक्रमाविषयी. २०२५-२६ पासून संपूर्ण राज्यात अकरावीचे प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथेच प्रवेश घ्यावा लागतो, न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्या बंद होतात. क्लासचे प्रतिनिधी आपल्या टाय-अपच्या महाविद्यालयाचा क्रमांक पहिल्या रकान्यात भरायला सांगतात, तेव्हा तो रकाना भरण्यापूर्वी मुलाला सोबत घेऊन त्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा पाहून यावे, दुसऱ्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी शिक्षकांच्या गैरहजेरीत बोलावे आणि गेल्या वर्षी किती मुलांनी बॅच मध्येच सोडली हे विचारावे. या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर पहिल्या रकान्यात घराजवळच्या महाविद्यालयाचे नाव घालावे.