हर्षद भदेशिया सरांची स्टीलवरची लेक्चर्स: फाउंड्रीवाल्यांनी नक्की बघा

मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीमध्ये क्वालिटीला आहे. डिप्लोमाला बेनाइट (स्टीलच्या आतली एक बारीक रचना) म्हणजे टीटीटी डायग्राममधला (कुठल्या तापमानाला किती वेळात कुठली रचना होते, त्याचा आलेख) एक पट्टा, एवढंच शिकलो होतो. दिवाळीपासून रोज रात्री जेवणं झाली की यूट्यूबवर केंब्रिजच्या भदेशिया सरांची लेक्चर्स लावतो. एक रुपया लागत नाही, आणि वेबसाइटवर नोट्स पण फुकट आहेत.

माणूस फार मोठा आहे. जन्म केनियातला, १९५३ चा, मग लंडन, तिथे आधी कंपनीच्या लॅबमध्ये टेक्निशियन, मग पॉलिटेक्निकमधून डिग्री, केंब्रिजला पीएचडी आणि पुढे तिथेच प्रोफेसर. टाटा स्टीलच्या नावाची चेअर (प्रोफेसरपद) त्यांच्याकडे होती, २०१५ ला ब्रिटनने नाइटहूड दिली. सुरुवात टेक्निशियन म्हणून झालेली, म्हणून मला ते जास्तच जवळचे वाटतात.

सगळ्यात भारी भाग त्यांच्या नॅनो बेनाइटचा. साधारण एक टक्का कार्बन, दीड टक्क्याच्या आसपास सिलिकॉन, असं स्टील २०० डिग्रीला दहाएक दिवस ठेवायचं, की २० ते ४० नॅनोमीटर जाडीच्या पात्या तयार होतात. सिलिकॉन सिमेंटाइटमध्ये (लोखंड-कार्बनचं कडक, ठिसूळ कार्बाइड) विरघळत नाही म्हणून ते कार्बाइड व्हायचं अडतं, कार्बन उरलेल्या ऑस्टेनाइटमध्ये (तापलेल्या स्टीलमधली रचना, एरवी गार होताना बदलते) जातो आणि तो ऑस्टेनाइट गार झाल्यावरही टिकतो.

इथे मी व्हिडिओ थांबवला. अहो, आमच्या एडीआयच्या (ऑस्टेम्पर केलेलं डक्टाइल आयर्न, म्हणजे चिवट बीड) ब्रॅकेटमध्ये अडीच टक्के सिलिकॉन ह्याच कामाला येतं की! मागे बाहेरून ऑस्टेम्परिंग (तापवून मग गरम सॉल्टमध्ये ठरावीक वेळ ठेवणं) करून आणलेल्या एका लॉटची इम्पॅक्ट व्हॅल्यू (धक्का सोसायची ताकद) पडली होती, आम्ही आठवडाभर केमिस्ट्रीच तपासत बसलो, आणि निघालं काय तर जॉब (पार्ट) सॉल्ट बाथमध्ये (वितळलेल्या क्षारांची टाकी) जास्त वेळ राहिले होते. जास्त वेळ ठेवलं की तोच कार्बनवाला ऑस्टेनाइट फुटतो, फेराइट (जवळपास कार्बन नसलेलं लोखंड) आणि कार्बाइड होतं, जॉब ठिसूळ. हे तेव्हा माहिती असतं तर पहिल्या दिवशीच बाथचं लॉगबुक मागितलं असतं.

थर्मोडायनामिक्सचा भाग डिप्लोमावाल्याला जड जातो, वही-पेन घेऊन दोनदा बघावं लागतं, इंग्रजी मात्र सोपं आहे. माझ्याकडून पाचपैकी पाच. आता शनिवारी शिफ्ट सुटल्यावर आमची दोन ट्रेनी पोरं पण लॅबमध्ये थांबतात, एक लेक्चर बघायचं आणि मग नायटल (रचना दिसावी म्हणून लावायचं ॲसिडचं द्रावण) लावून आपलाच सॅम्पल मायक्रोस्कोपखाली.