घरी येऊन गाडीची काच बदलणाऱ्याने केलेली फसवणूक

गेल्या जूनमध्ये आमच्या पुण्यातील सोसायटीत गवत कापण्याच्या यंत्राखालून उडालेला खडा लागून माझ्या गाडीच्या मागच्या दाराची काच फुटली. दाराची काच टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली असते. पुढच्या काचेसारखी ती तडा जाऊन जागेवर राहत नाही, क्षणात चुरा होऊन खाली येते आणि बदलावीच लागते. आभाळ भरून आले होते. त्या घाईत मी इंटरनेटवर मिळालेल्या नंबरावर फोन केला, तेव्हा घरी येऊन ओरिजिनल नवी काच मजुरीसह २,२०० रुपयांत बसवून देतो, असे सांगून त्या माणसाने १,००० रुपये आगाऊ घेतले.

दुसऱ्या दिवशी त्याने दाराचे पॅड, म्हणजे आतल्या बाजूचे आवरण काढले तोपर्यंत मी शेजारीच उभा होतो. मग त्याने पिण्यासाठी पाणी मागितले. मी वर जाऊन परत येईपर्यंत पॉवर विंडोची, म्हणजे बटणाने काच वर-खाली करणारी मशीन बाहेर काढलेली होती आणि तिची तार तुटलेली होती. "साहेब, मशीनच गेलीय, बदलावी लागेल," असे म्हणत त्याने आणखी ३,४०० रुपये सांगितले. आदल्याच संध्याकाळी बटण दाबल्यावर ती मशीन व्यवस्थित फिरली होती, हे मला पक्के आठवत होते. पण दार उघडे पडलेले आणि पाऊस कोणत्याही क्षणी येणार, अशा वेळी मी वाद घातला नाही, ही माझी मोठी चूक झाली. पैसे मी लगेच दिले. पावती मात्र आजतागायत मिळालेली नाही.

काचेच्या खालच्या कोपऱ्यात एक चकचकीत स्टिकर होते. दोन-तीन पावसांत ते सुटले आणि त्याखाली दुसऱ्याच गाडीचा, घासून पुसट केलेला नंबर निघाला. चोरीला आळा बसावा म्हणून अनेक जण काचांवर गाडीचा नंबर कोरून घेतात, तसाच तो होता. घासलेली जागा धुरकट झाली होती, तरी त्यातली 'एमएच' ही अक्षरे नखाला लागत होती.

याच सुमारास दार लावताना आत पाणी हिंदकळल्याचा आवाज येऊ लागला. ओळखीच्या गॅरेजमध्ये दार उघडले, तेव्हा फुटक्या काचेचा चुरा तळाशी तसाच पडलेला होता, त्याने पाणी निघून जाण्याची भोके बुजली होती आणि पॅडमागचा प्लास्टिकचा कागद फाडून टाकलेला होता. 'नव्या' मशीनवर भंगारवाले लिहितात तसे पांढऱ्या रंगाने मॉडेलचे नाव लिहिलेले होते. माझी चांगली मशीन बहुधा तो घेऊन गेला असावा.

म्हणून काच दारात उतरवण्यापूर्वीच ती हातात घ्यावी, वरचे स्टिकर काढायला लावावे आणि कोपऱ्यातील कंपनीची खूण व आयएसआय चिन्ह गाडीच्या बाकीच्या काचांशी ताडून पाहावे. पॅड काढल्यापासून ते परत बसेपर्यंत घरातल्या कोणीतरी तिथेच थांबावे, आणि काढलेला प्रत्येक भाग स्वतःकडे मागून घ्यावा. विमा कंपनीला मी विचारलेही नव्हते. सर्वसमावेशक पॉलिसीत काचेच्या भागांवर घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याबद्दलची रक्कम, कापला जात नाही, हे मला नंतर कळले. अर्थात दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट जाते, त्याचा हिशेब आधी करावा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. ती काच एखाद्या चोरीच्या गाडीची असू शकते, म्हणून पोलीस चौकीतही लेखी अर्ज दिला आहे, आणि पुरावा म्हणून ती काढून वर्तमानपत्रात गुंडाळून घरी ठेवली आहे.