इंजिनाचे तळकाम: घरी बांधावे की गॅरेजला द्यावे?

गाडी चढावर ओढताना इंजिनाच्या तळातून जड ठोका ऐकू येत असेल आणि इंजिन तापून स्लोवर चालताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर क्रँकशाफ्टची (पिस्टनांच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) बेअरिंगे झिजली असण्याचा संभव मोठा असतो. ऑइलची पातळी बरोबर असूनही हे थांबत नसेल, तर इंजिन खोलावे लागते.

कोल्हापुरात हा निर्णय घेताना एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. क्रँक ग्राइंडिंग (क्रँकशाफ्ट मापात घासणे) आणि ब्लॉकचे बोअरिंग (सिलेंडरची भोके मापात कापणे) घरी होत नाही, आणि बहुतेक गॅरेजांतही होत नाही. दोघांनाही ती कामे उद्यमनगरातल्या किंवा शिरोलीकडच्या मशीन शॉपवरच न्यावी लागतात. जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगात फिरणारा गोल भाग, घासून ०.२५ किंवा ०.५० मि.मी. उतरवले, की त्याच मापाची अंडरसाइज, म्हणजे उतरलेल्या जर्नलला बसणारी, बेअरिंगे घ्यायची, हे दोन्हीकडे सारखेच. फरक राहतो तो खोलण्यात, धुण्यात, मोजण्यात आणि जोडण्यात.

मोजणीच्या बाबतीत माझा कौल घराला आहे. माझ्या मारुती ८०० चे तीन सिलेंडरचे इंजिन मी घरी बांधले, तेव्हा प्रत्येक जर्नलवर प्लास्टिगेजची (दाबली की चपटी होणाऱ्या मऊ प्लास्टिकची) बारीक काडी ठेवून बेअरिंगाची कॅप ठरल्या जोराने आवळणाऱ्या टॉर्क रेंचने आवळली, पुन्हा काढली आणि चपटी झालेली हिरवी पट्टी पाकिटावरच्या मापाशी ताडून पाहिली. लहान पेट्रोल इंजिनांत जर्नल आणि बेअरिंग यांमधली ही फट बहुधा ०.०२ ते ०.०५ मि.मी. असते, ती हाताच्या अंदाजाने कळत नाही. दारात चार गाड्या खोळंबलेल्या असताना एवढा वेळ देणारा मेस्त्री मिळाला, तर त्याला काम खुशाल द्यावे.

घराची उणी बाजू म्हणजे जागा आणि हवा. ऑगस्टमध्ये ग्राइंडिंग करून आणलेला क्रँक मी एका रात्रीपुरता ऑइल न लावता ठेवला आणि सकाळी जर्नलवर तांबूस गंज धरला होता. तो पुन्हा पॉलिशला न्यावा लागला. क्रँकमधली ऑइलची भोके ब्रश घालून धुतली नाहीत, तर ग्राइंडिंगचा कीस नव्या बेअरिंगांत जातो. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडच्या कॅपांची अदलाबदल चालत नाही, म्हणून खोलण्याआधीच खुणा कराव्यात.

गाडी रोज लागत असेल, इंजिन उचलायला चेन पुली नसेल किंवा बेअरिंगे सांकेतिक खुणांवरून निवडावी लागणारे नवे इंजिन असेल, तर गॅरेजच बरे. मात्र जुनी बेअरिंगे परत मागावीत आणि ग्राइंडिंगचे माप बिलावर लिहून घ्यावे. जुने तयार इंजिन बसवणे सर्वांत झटपट होते, पण त्याच्या आतली झीज खोलल्याशिवाय समजत नाही आणि बदललेल्या इंजिन क्रमांकाची नोंद आरटीओत करावी लागते.

ठरत नसेल, तर इंजिन उतरवण्याआधी फक्त चेंबर (तळाचे ऑइलचे भांडे) काढून एका रॉडची कॅप उघडून पाहावी. जर्नलवरून नख फिरवताना ते कुठे अडले, तर मशीन शॉप अटळ आहे; जर्नल गुळगुळीत असून मायक्रोमीटरने मापात भरले आणि बाकीची जर्नलेही तशीच निघाली, तर नुसती बेअरिंगे बदलण्याचे काम सवडीने घरी करता येते.